आइस हॉकी : ज्युनियरमधून वर गेलेली पोरं (आणि न गेलेली)

ग्रँडकाठचा_गण्या
शुक्रवार, रात्री ११:५२

मंडळी, आत्ताच मॅच बघून घरी आलोय. पाय गारठलेत, चहाचं आधण ठेवलंय, तो होईपर्यंत हा धागा काढून टाकतो. क्रिकेटचे इथे शंभर धागे आहेत, एक बर्फावरचा चालवून घ्या.

मी किचनेरला असतो, टोरांटोच्या पश्चिमेला गाडीने तास-सव्वा तास. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे बर्फ माहीत होता तो रंकाळ्यावरच्या गोळ्यातला. इथे आल्यावर पहिली चार वर्षं आइस हॉकी म्हणजे हेल्मेट घालून केलेली भांडणं, एवढंच माझं मत. मग लेकीच्या शाळेतून कुणीतरी दोन तिकिटं दिली आणि आम्ही इथल्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये गेलो. गावात त्याला नुसतं 'ऑड' म्हणतात, १९५१ सालची इमारत. टीव्हीवर पक दिसत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, माझीही होती. काचेला लागून बसलो तेव्हा कळलं की दिसायची गरजच नाही, ऐकू येतो. इंचभर जाडीची रबराची चकती, वजन जेमतेम १७० ग्रॅम, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. ती कडेच्या फळीवर आदळते तेव्हा पाट्यावर वरवंटा पडल्यासारखा आवाज होतो. लेक दचकून माझ्या मांडीवर. दुसऱ्या पिरियडला तीच उभी राहून ओरडत होती.

तर हा आमचा संघ, किचनेर रेंजर्स. सगळे खेळाडू १६ ते २० वयाचे. बर्फावर राक्षस दिसतात, हेल्मेट काढलं की गालावर मुरमं. संघाचा कुणी मालक नाही, सीझन तिकीटवाले मिळून मंडळ निवडतात. आपल्या सहकारी सोसायटीसारखं, आणि भांडणंही तशीच.

इथून वर गेलेल्यांची यादी मोठी आहे, पण मला आवडतो तो १९८२ चा संघ. मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर संघांचा सगळ्यात मोठा करंडक, जिंकलेला. त्या एकाच संघात बचावाला स्कॉट स्टीव्हन्स आणि अल मॅकिनिस. स्टीव्हन्स गावातलाच. त्याच वर्षी वॉशिंग्टनने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं आणि १८व्या वर्षी तो थेट एनएचएलमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळायला लागला, परत ज्युनियरला आलाच नाही. पुढे १६३५ सामने, न्यू जर्सीचा कर्णधार म्हणून तीन स्टॅनली कप (एनएचएलचा करंडक). मॅकिनिस नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट हूड नावाच्या खेड्यातला. लहानपणी गोठ्याला प्लायवूड टेकवून त्यावर तासन् तास पक मारायचा. त्याचं फळ १९८४ मध्ये माइक ल्यूट या गोलरक्षकाला मिळालं. मॅकिनिसचा फटका थेट तोंडावर, मास्क फुटला, आणि पक तसाच गोलमध्ये.

तुम्हाला माहीत असलेली अशी पोरं लिहा. एनएचएलच पाहिजे असं नाही, खालच्या व्यावसायिक लीगपर्यंत पोचलेलीही चालतील. चहा झाला. येतो.

नळीचा_बल्ब
शनिवार, सकाळी ७:१०

चहा उतू गेला की नाही ते लिहिलं नाहीत.

डेक्कनचा_खोड
शनिवार, सकाळी ९:३४

गणपतराव, लेख रोचक आहे, पण आम्हा पेन्शनर पुणेकरांना जरा पायरीपायरीने सांगा. ज्युनियर म्हणजे नक्की काय? आपल्या हॅरिस शील्डसारखं शालेय, का रणजीसारखं? आणि १६व्या वर्षी ही पोरं राहतात कुठे? सगळी काही किचनेरची नसतील.

ग्रँडकाठचा_गण्या
शनिवार, दुपारी १२:२०

खोडकाका, ना हॅरिस, ना रणजी. दोन्हीच्या मधलं काहीतरी.

कॅनडात मेजर ज्युनियरच्या तीन लीग आहेत. ओंटारिओची, पश्चिमेची आणि क्वेबेक-अटलांटिकची. मिळून साठेक संघ, थोडे सीमेपलीकडे अमेरिकेतही. तिघींची वरची संस्था म्हणजे सीएचएल. हंगामात ६०-७० सामने, म्हणजे एनएचएलपेक्षा थोडेच कमी, आणि सकाळी शाळा. वय २० झालं की प्रत्येक संघात फक्त तिघांना जागा, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या.

मुलगा १५ वर्षांचा असताना संघ त्याला ड्राफ्टमध्ये घेतात, म्हणजे संघ आळीपाळीने एकेक पोरगा निवडतात. मुलगा गाव निवडत नाही, गाव मुलाला निवडतं. मग तिथल्या एखाद्या कुटुंबात राहायचं. त्यांना बिलेट म्हणतात. संघ त्या कुटुंबाला खाण्यापिण्याचे थोडे पैसे देतो, पण पैशासाठी कुणी हे करत नाही. किराणा बघितलात तर विश्वास बसणार नाही. सचिनलाही शाळा बदलल्यावर शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं होतं ना, तसंच, फक्त काका-काकू अनोळखी.

पुढे १८व्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट. ३२ संघ, सात फेऱ्या. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. बहुतेकांना 'छान, आता परत जा' म्हणून ज्युनियरला धाडतात. वर ठेवून बघायचं तर नऊ सामने बघता येतं, दहावा खेळवला की कराराचं पहिलं वर्ष धरलं जातं. त्यामुळे नवव्या सामन्यानंतर त्या पोराच्या घरी काय वातावरण असेल याचा विचार करा. बारावीच्या निकालाची आदली रात्र.

आकडेमोड
शनिवार, दुपारी ३:०५

धागाकर्त्याने एक गोष्ट सोडली. हे ड्राफ्ट प्रकरण १९६३ पासूनचं. त्याआधी एनएचएलचे क्लब ज्युनियर संघच पोसायचे, पोरगं त्या संघात आलं की आपोआप मोठ्या क्लबचं. किचनेरच्या नावातलं 'रेंजर्स' हे न्यूयॉर्क रेंजर्सचंच.

बॉबी ऑर याच जुन्या पद्धतीतून आला. पॅरी साउंडचा पोरगा, १४ वर्षांचा असताना बॉस्टनने त्याला बांधून घेतलं आणि ओशावाला खेळायला पाठवलं. घरच्यांच्या अटींत एक अट होती, घराला बाहेरून नवा गिलावा करून द्यायचा. पहिल्या वर्षी आईने घर सोडू दिलं नाही, सामन्यापुरतं गाडीने नेऊन परत आणायचे. चार वर्षांनी तो बॉस्टनला गेला आणि बचावपटू कसा खेळतो याची व्याख्याच बदलली. गिलावा स्वस्तात पडला.

आता माझा आवडता विषय. १९८४ चा ड्राफ्ट. पहिला क्रमांक मारिओ लेम्यू. तो लावालकडून खेळायचा, त्या हंगामात ७० सामन्यांत १३३ गोल आणि १४९ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास). बेरीज २८२ पॉइंट. क्वेबेक लीगचा जुना विक्रम गी लाफ्लरचा १३० गोलांचा. शेवटच्या सामन्याआधी लेम्यूचे १२७ होते. बरोबरीला तीन हवे होते, पठ्ठ्याने सहा मारले.

पण मजा खाली आहे. त्याच ड्राफ्टमध्ये ५१व्या क्रमांकावर पॅट्रिक रॉय, ग्रॅनबीचा गोलरक्षक. संघ इतका सुमार की रोज याच्यावर गोळीबार, त्यातच तो तयार झाला. ११७व्या क्रमांकावर ब्रेट हल. आणि १७१व्या क्रमांकावर, नवव्या फेरीत, ल्यूक रोबिताय. हल नावाच्या गावाच्या संघाचा, याचा ब्रेटशी संबंध नाही. स्केटिंग संथ म्हणून कुणी घेईना. लॉस एंजेलिसने घेतला, तेही टॉम ग्लॅविन नावाच्या मुलाला ६९व्या क्रमांकावर घेऊन झाल्यावर. ग्लॅविन गेला बेसबॉलला आणि तिथे हॉल ऑफ फेममध्ये बसला. रोबितायने एनएचएलमध्ये ६६८ गोल केले आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये. निवड समित्यांवर टीका करायची तर आधी हा ड्राफ्ट डोळ्यांसमोर ठेवावा.

नळीचा_बल्ब
शनिवार, दुपारी ३:४०

म्हणजे १७० जणांनी 'मुलगा चांगला आहे पण जरा हळू आहे' म्हणून स्थळ नाकारलं.

सरेकर
शनिवार, रात्री ८:१५

आम्ही ब्रिटिश कोलंबियात, सरे. इथे पंजाबी वस्ती दांडगी, त्यामुळे आमच्या बाजूची चार नावं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला रॉबिन बावा. व्हँकुव्हर बेटावरच्या डंकनचा. एक्स्पो ८६ साठी बनवलेली ती अगडबंब हॉकी स्टिक ज्या गावात आणून बसवली, तेच. कॅमलूप्स ब्लेझर्सकडून ज्युनियर खेळला. शेवटच्या हंगामात शंभरावर पॉइंट, पण एकाही संघाने ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. खालच्या लीगमध्ये मारामाऱ्या करत करत १९८९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. भारतीय वंशाचा पहिला. वॉशिंग्टनला ५ सामने, व्हँकुव्हरला २, सॅन होजेला ४२, अॅनाहाइमला १२. झाले ६१. एवढ्यासाठी चार शहरं, आणि मधल्या काळात बसचे प्रवास. मला विचाराल तर लेम्यूच्या २८२ पेक्षा हे ६१ जड आहेत.

मग मॅनी मल्होत्रा. वडील भारतातले, आई फ्रेंच कॅनेडियन, मुलगा मिसिसागाचा. ग्वेल्फ स्टॉर्मकडून खेळला, १९९८ ला सातव्या क्रमांकावर निवड, ९९१ सामने. हजाराला नऊ कमी! २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना डोळ्याला पक लागला, नजर कायमची अधू झाली, तरी त्याच वर्षी स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत हा बर्फावर.

तिसरा जुझार खैरा, आमच्या सरेचा. तो आधी खालच्या ज्युनियरमध्ये, मग एक वर्ष अमेरिकन कॉलेज, मग एव्हरेटला मेजर ज्युनियर असा फिरून आला.

आणि चौथा अर्शदीप बैन्स, तोही सरेचा. रेड डिअरकडून २०२१-२२ मध्ये ११२ पॉइंट, पश्चिमेच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. ड्राफ्टमध्ये त्यालाही कुणी घेतलं नव्हतं! व्हँकुव्हरने नंतर करार केला. २०२५ च्या जूनमध्ये व्हँकुव्हरच्या खालच्या संघाने, अॅबट्सफर्डने, एएचएलचा (एनएचएलच्या लगेच खालची लीग) काल्डर कप जिंकला. संघात बैन्स, आणि प्रशिक्षक कोण? मल्होत्रा. आमच्याकडे त्या रात्री ढोल वाजले. मी पण गेलो होतो. नाशिक ढोलाची आठवण आली, पण ताल वेगळा.

ग्रँडकाठचा_गण्या
शनिवार, रात्री ९:०२

सरेकर, दंडवत. बावांचं फक्त नाव माहीत होतं. ग्वेल्फ आमच्यापासून अर्ध्या तासावर आणि कट्टर वैरी, पण मल्होत्रासाठी माफ.

अस्मि_ब्रॅम्प्टन
रविवार, सकाळी ६:४८

रिंकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. मुलगा आत सरावाला. वय ८. शनिवार-रविवार सहाची वेळ मिळते कारण चांगल्या वेळा मोठ्या मुलांना. स्केटच्या नाड्या आवळून आवळून माझ्या बोटांना घट्टे पडलेत. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज विचारतात, 'पोराला एवढ्या थंडीत कशाला नेता, घरात कॅरम नाही का?'

तुम्हा सगळ्यांचं लिखाण वाचायला छान वाटतं, पण आई म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. १६व्या वर्षी पोर परक्या घरी. त्याच्यावर नजर कोणाची? शेल्डन केनेडीची गोष्ट इथे कुणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते. तो एनएचएलमध्ये डेट्रॉइट, कॅल्गरी, बॉस्टन असा खेळला, म्हणजे तुमच्या यादीत 'वर गेलेला'. ज्युनियरमध्ये असताना त्याचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याने त्याचं अनेक वर्षं लैंगिक शोषण केलं. केनेडी पुढे आला, नाव लावून बोलला, १९९७ मध्ये जेम्सला शिक्षा झाली. पुढे थिओ फ्ल्युरीनेही त्याच माणसाबद्दल सांगितलं. फ्ल्युरी १६६व्या क्रमांकावरून येऊन एनएचएलमध्ये हजारावर सामने खेळलेला. गावातल्या सगळ्यांना तो प्रशिक्षक म्हणजे देवमाणूस वाटायचा, कारण तो पोरांना वर पोचवायचा. प्रश्न तिथेच आहे ना? एका माणसाच्या हातात पोराचं सगळं भविष्य.

आकडेमोड
रविवार, सकाळी ९:२०

अस्मिताई, सहमत. तेव्हापासून नियम बरेच कडक झालेत, पोलिस तपासणी, प्रशिक्षण वगैरे. पण नियम कागदावर असतात, हेही खरं.

पैशाचं बघा. एनएचएलमध्ये २०२५-२६ च्या हंगामात कमीत कमी पगार वर्षाला पावणेआठ लाख डॉलर. ज्युनियरच्या पोराला हातखर्च. तिकिटं, जाहिराती, जर्सी यांवर धंदा तोच. किमान वेतनासाठी २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी खटला भरला, तर ओंटारिओसकट बऱ्याच प्रांतांनी कायदाच बदलून या मुलांना 'कामगार' या व्याख्येतून बाहेर काढलं.

ग्रँडकाठचा_गण्या
रविवार, दुपारी १:११

हे मीही नाकारत नाही. दुसरी बाजू एवढीच की जितके हंगाम खेळलात तितक्या वर्षांची कॉलेजची फी संघ भरतो. वापरायला मुदत असते, पण घेणारी पोरं घेतात. माझ्याच ऑफिसात एक जण आहे, तीन हंगाम खेळला, तीन वर्षांची फी घेऊन सिव्हिल इंजिनिअर झाला. गुडघा मात्र पावसाळी हवामान आधी सांगतो.

आणि एक मोठा बदल परवा-परवाचा. आतापर्यंत मेजर ज्युनियरचा एक सामना खेळला की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, कारण ते याला व्यावसायिक समजायचे. म्हणजे १५-१६व्या वर्षीच ठरवा, कॉलेज की ज्युनियर. २०२४ च्या नोव्हेंबरात तो नियम उठला, ऑगस्ट २०२५ पासून लागू. लगेच मेडिसिन हॅटचा गॅव्हिन मॅकेना, त्याच्या वयातला सगळ्यात गाजलेला पोरगा, ज्युनियर सोडून पेन स्टेटला गेला. आता ज्युनियरचे क्लब धास्तावलेत. मला विचाराल तर बरं झालं. पोरांकडे पहिल्यांदाच दुसरं दार आलं.

केतकी_ब
रविवार, रात्री १०:३०

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आम्ही ओंटारिओतल्या एका गावात राहतो. नाव सांगत नाही, मुलगा ओळखू येईल. आमच्या शेजारच्या जोडप्याकडे बिलेट म्हणून एक मुलगा आहे. दोन वर्षं झाली. आला तेव्हा १६ चा, आता १८.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा ड्राइव्ह-वेमध्ये बर्फ उपसत होता. त्यांचा झाला, मग न सांगता आमचाही केला. मी पोह्यांची बशी दिली. बशी परत आली ती धुऊन, आणि 'यलो राइस' आणखी आहे का, हा निरोप घेऊन. तेव्हापासून दर रविवारी त्याचा डबा. शेजारीण म्हणते, आठवड्याला बारा लिटर दूध आणि पाच डझन अंडी. मी आधी हसले, मग एकदा त्याच्याबरोबर दुकानात गेले.

एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये या वर्षी त्याचं नाव येईल अशी आशा होती. सात फेऱ्या दोन दिवस चालतात. पहिल्या दिवशी फक्त पहिली फेरी, ती त्याच्यासाठी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी आईवडील इथे आले होते, शेजाऱ्यांच्या बैठकीत सगळे टीव्हीसमोर. मी बटाटेवडे घेऊन गेले. चौथ्या फेरीपर्यंत वडे संपले. सहाव्या फेरीत आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, स्वच्छ भांडी. सातवी संपली. मुलगा उठला, 'थँक्स फॉर द फूड' म्हणाला, आणि बाहेर जाऊन गॅरेजच्या दारावर टेनिसचा चेंडू मारत बसला. अंधार पडेपर्यंत तो आवाज येत होता.

सप्टेंबरमध्ये परत आला. खेळतोय.

डेक्कनचा_खोड
सोमवार, सकाळी ८:००

केतकीताई, वडे चौथ्या फेरीत संपले हे वाचून थांबलो. आमचा धाकटा भाऊ रणजीच्या संभाव्य पंचवीसात होता. पंधरात कधी आला नाही. यादी पेपरात यायची, वडील पेपर आधी स्वतः वाचायचे आणि मग घडी घालून पाटाखाली ठेवायचे. त्यावरून आम्हाला कळायचं.

आकडेमोड
सोमवार, दुपारी १२:४५

केतकीताई, त्या मुलाला सांगा, ड्राफ्ट म्हणजे शेवट नाही. मार्क जोर्डानो ओवेन साउंडकडून खेळला, कुणी घेतला नाही. एक वर्ष रशियात जाऊन खेळून आला. २०१९ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम बचावपटू. जोनाथन मार्शेसो क्वेबेकचा, तोही ड्राफ्टबाहेरचा. २०२३ मध्ये लास वेगासने स्टॅनली कप जिंकला तेव्हा प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) सर्वोत्तम खेळाडू तोच. सरेकरांचे बावा आणि बैन्स आहेतच.

उलट बाजूही ऐका. सीएचएलमध्ये १५व्या वर्षीच खेळायची खास परवानगी फार थोड्यांना मिळते. पहिला जॉन टव्हारेस, २००५. मग एकब्लॅड, मग मॅकडेव्हिड, जो पुढे एनएचएलचा सगळ्यात मोठा तारा झाला. पुढचं वर्ष २०१३, पुढचा मुलगा शॉन डे. मॅकडेव्हिडनंतर लगेच, म्हणजे बिचाऱ्याच्या नशिबी तुलना काय आली बघा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ८१वा गेला. एनएचएलमध्ये खेळला दोन सामने. तेवढे खेळणाराही लाखात एक असतो, पण लोक त्याला 'फसलेला' म्हणतात.

शेन राइटलाही अशीच परवानगी. २०२२ मध्ये पहिला जाणार म्हणून वर्षभर छापून येत होतं, गेला चौथा. पहिली निवड माँट्रियलची होती. व्यासपीठावरून त्याने त्यांच्या टेबलाकडे टाकलेल्या नजरेचा विषय अजून लोक काढतात. १८ वर्षांचं पोर हो.

प्रेअरीवरचा_पाटील
सोमवार, रात्री ९:४०

सास्काटूनहून. आमच्याकडे दोन गावांतलं अंतर मोजायचं ते बसच्या तासांत. एनएचएलचा गोलरक्षक कॅरी प्राइस, त्याचे वडील त्याला छोट्या विमानाने सरावाला न्यायचे, एका बाजूला तीनशेवर किलोमीटर, कारण त्यांच्या अॅनहिम लेकला खेळायला संघच नव्हता. असे वडील सगळ्यांचे नसतात. बाकीच्यांना बस.

३० डिसेंबर १९८६. स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजची बस गोठलेल्या रस्त्यावरून उलटली. चार पोरं गेली. मागच्या बाकांवर बसून पत्ते खेळत होती. त्या बसमध्ये १७ वर्षांचा जो सॅकिक होता. तोच पुढे कोलोराडोचा कर्णधार, दोन स्टॅनली कप. अस्मिताईंनी लिहिलेला केनेडीही त्याच बसमध्ये, आणि प्रशिक्षक तोच जेम्स. १९८९ ला या संघाने मेमोरियल कप जिंकला. लोक ही विजयाची गोष्ट म्हणून सांगतात. मला सगळं माहीत झाल्यापासून तशी सांगता येत नाही.

आणि ६ एप्रिल २०१८, हम्बोल्ट. हे एक पायरी खालचं ज्युनियर. प्लेऑफला निघालेली बस, चौफुलीवर ट्रकशी टक्कर, १६ मृत्यू, १३ जखमी. त्या आठवड्यात देशभर लोकांनी घराबाहेर हॉकी स्टिक टेकवून ठेवल्या, 'लागली तर असावी' म्हणून. आमच्या घरी कुणी खेळत नाही. मी दुकानातून एक विकत आणली आणि दाराशी ठेवली. मुंबईहून बाबा आले होते, त्यांनी विचारलं हे काय. सांगितल्यावर संध्याकाळी त्यांनी तिच्याशेजारी निरांजन ठेवलं. वाऱ्याने विझत होतं, ते परत लावत होते.

अस्मि_ब्रॅम्प्टन
सोमवार, रात्री १०:०५

पाटील, काय लिहू.

ग्रँडकाठचा_गण्या
१३ डिसेंबर, रात्री ११:१५

धागा वर काढतो, कारण आज टेडी बेअरची रात्र होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नाताळाआधीच्या एका सामन्याला प्रेक्षक कापडी अस्वलं घेऊन येतात. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळी बर्फावर फेकायची. गोळा करून मुलांच्या संस्थांना देतात. कॅमलूप्सला १९९३ मध्ये सुरू झालं म्हणतात, आता सगळीकडे. लग्नात अक्षता पडाव्यात तशी अस्वलं पडतात. पहिला गोल कुणी केला तर एका बचावपटूने, ज्याचा हंगामातला तो पहिलाच. लाजून लाल. माझ्या लेकीचं अस्वल काचेवर अडकून परत आमच्याच अंगावर आलं, आता घरी आहे, देणार नाही म्हणते.

अवांतर : जेफ स्किनर आमच्या ऑडमधलाच. २०१० ला सातवा गेला, पुढच्या वर्षी एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित. आणि मग १०७८ सामने खेळला तरी प्लेऑफचा एकही नाही! विक्रमच झाला. २०२५ मध्ये एडमंटनकडून पहिला खेळायला मिळाला. वर पोचणं वेगळं आणि वर गेल्यावर घर मिळणं वेगळं.

केतकी_ब
११ जानेवारी, दुपारी २:२५

त्या मुलाची अदलाबदल झाली. जानेवारीच्या दहा तारखेच्या सुमारास मुदत असते म्हणे. सकाळी शाळेत गणिताच्या तासाला फोन आला. संध्याकाळी सहाला त्याने निघायचं. त्याच्या बदल्यात दुसऱ्या संघाने पुढच्या वर्षांतल्या ड्राफ्टच्या दोन निवडी दिल्या. म्हणजे आज कुठेतरी सातवी-आठवीत असणाऱ्या दोन मुलांच्या बदल्यात हा. त्यांना पत्ताही नाही.

मी संक्रांतीचे लाडू वळत होते. हात तसेच पाकाचे, पळत गेले. दोन बॅगा आणि स्टिकचा जुडगा. शेजारीण त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती, एक सापडत नव्हता, त्यावरून रडायला लागली. लाडूंचा डबा दिला. म्हटलं, तीळ आणि गूळ आहे, खाऊन गोड बोलायचं असतं. तर म्हणाला, बर्फावर पण?

नळीचा_बल्ब
११ जानेवारी, दुपारी ३:००

आज विनोद सुचत नाहीये.

ग्रँडकाठचा_गण्या
११ जानेवारी, रात्री ८:५०

केतकीताई, संघाचं नाव इथे नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वेळापत्रक बघितलं की सांगतो. ओंटारिओ लीगमध्येच असेल तर आधी किंवा नंतर तो ऑडला येणारच.

ग्रँडकाठचा_गण्या
११ जानेवारी, रात्री ९:३५

मिळालं. फेब्रुवारीत शुक्रवारी आहे. पाहुण्या संघाच्या बाकामागच्या रांगेत सहा जागा धरल्यात : तुम्ही दोघं, तुमचे शेजारी, मी आणि लेक. अस्मिताई, ब्रॅम्प्टनहून येणार असाल तर उद्यापर्यंत कळवा, शेजारच्या दोन अजून मोकळ्या आहेत. मुलाला आणा, त्या दिवशी सहाचा सराव नाही.

केतकी_ब
११ जानेवारी, रात्री ९:४१

येतो. आत डबा नेऊ देतात का?

ग्रँडकाठचा_गण्या
११ जानेवारी, रात्री ९:४३

नाही. पण सामन्यानंतर मागच्या दाराशी बस उभी असते, पोरं तिथूनच चढतात. पोहे गरम राहतील असा डबा आणा.